शेतातल्या मातीच्या बांधाचा सांडवा मोकळा आहे का?

बीड : आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या डोंगरपट्ट्यात अनेकांनी पदरच्या पैशाने घळीवर मातीचे बांध घातले आहेत. बांध भरला की विहिरीला पाणी वाढतं, शेतकरी खूश. पण एकदा घातल्यावर त्याच्याकडे वळून कोणी बघत नाही. फुटला की खालच्याची माती, मोटार, पाईप सगळं घेऊन जातो.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेही मातीचंच, पण सरकारी. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं अन् राज्यभर हसं झालं. खेकडे, घुशी बिळं करतात हे खरंच आहे, पण बिळं बुजवायला माणूस लागतो.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. शेतातला चार-पाच मीटरचा बांध त्यात बसत नाही. म्हणजे मालकानंच बघायचं.

सगळ्यात आधी सांडवा. पाणी माथ्यावरून गेलं की मातीचा बांध टिकत नाही, खालची बाजू कापत कापत खिंडार पडतं. चार दिवसांचं पाणी जास्त मिळावं म्हणून सांडव्यात मातीची पोती लावायची सवय आपल्याकडे आहे, ती घातक आहे. माथा मध्येच बसला असेल तर तिथं भर टाकून नीट दाबावी.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. मृगाआधी भेगा उकरून ओलसर माती थराथरानं चोपावी, वरून नुसती ढकलू नये. वेडी बाभळ लहान असतानाच उपटावी. मोठी झाल्यावर तोडली तर मुळं कुजतात अन् पाण्याला वाट होते. गवत मात्र राहू द्यावं, ते माती धरतं.

पायथ्याला थोडा स्वच्छ पाझर असला तर घाबरायचं कारण नाही, फक्त तो वाढतोय का ते बघावं. गढूळ पाणी आलं तर समजावं, आतून माती चालली. त्या तोंडावर चिखल थापू नये, पाणी दुसरीकडून फुटतं. आधी वाळू, त्यावर खडी, वर दगड रचावेत, म्हणजे पाणी निघून जातं, माती अडते. सोबतच मोटारी लावून पाणी उतरवावं, खालच्या वस्तीला सांगावं आणि तलाठी, तहसीलला फोन करावा, रात्र असली तरी.