लीगच्या तारखा कोण ठरवतं?

वाशिममध्ये बसून इंडियन सुपर लीग बघायची ती टीव्हीवरच. लीगचं वेळापत्रकही पहिल्यापासून टीव्हीकडे बघूनच आखलं गेलं. १२ ऑक्टोबर २०१४ ला कोलकात्यात मुंबई सिटीच्या सामन्यानं ती सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपली: आठ संघ, ६१ सामने, सगळा खेळ ७० दिवसांत. उन्हाळा आयपीएलचा, म्हणून फुटबॉलच्या वाट्याला दिवाळीच्या आगेमागचे दिवस आले. जुन्या आय-लीगला त्या मोसमात जानेवारीपर्यंत थांबावं लागलं.

२०१७ चा ऑक्टोबर सतरा वर्षांखालील विश्वचषकानं घेतला. लीग नोव्हेंबरवर गेली, संघ दहा झाले, हंगाम चार महिन्यांचा झाला आणि आखणी किचकट होत गेली. फिफानं राष्ट्रीय संघांसाठी राखलेल्या तारखा सोडायच्या, आशियाई स्पर्धेत खेळणाऱ्यांना उसंत द्यायची, मैदान रिकामं आहे का ते बघायचं. एवढं जमवूनही पोलीस नसतील तर सामना होत नाही. पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेत बंदोबस्त कुठे लागतो, हे वाशिमकरांना सांगायला नको. ११ जानेवारी २०२५ ची मोहन बागान–ईस्ट बंगाल लढतही अशीच अडली. गंगासागर मेळ्यामुळे कोलकात्यात पोलीस मिळेनात, तेव्हा शहराचा सर्वांत मोठा सामना गुवाहाटीला हलवावा लागला.

२०२०-२१ मध्ये करोनानं प्रवासाचा प्रश्नच निकालात काढला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या गोव्यातल्या तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना अख्खा हंगाम पार पडला. मुंबई सिटीनं साखळीतलं अव्वल स्थान आणि चषक दोन्ही पटकावले.

पण २०२५ मध्ये आखणीकारच अधांतरी होता. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. नूतनीकरण ठरेना, म्हणून जुलैमध्येच हंगाम थांबवला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारी ही तारीख जाहीर केली: १४ संघ, ९१ सामने, प्रत्येकाशी एकदाच गाठ.

एरवी प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी घरच्या आणि त्याच्या मैदानावर एकेक सामना होतो, म्हणून गुणतक्ता न्याय्य मानतात. तेरा सामन्यांत ती समान वाटणी होऊच शकत नाही. कागदावरच्या कराराला उशीर झाला आणि त्याची किंमत गुणतक्त्यानं मोजली.