वीस रुपयांचा हिशेब

नवं उत्पादन आणताना बहुतेक जण खर्च मोजतात, त्यावर नफा चढवतात आणि किंमत ठरवून मोकळे होतात. पण पैसे नेमके कशाचे घ्यायचे, हा प्रश्न त्याआधीचा. 2010 साली बेंगळुरूत सुरू झालेली शेअर दलाली कंपनी झिरोधा बघा. तेव्हा शेअर दलाल सहसा सौद्याच्या रकमेवर टक्क्यांनी दलाली घेत. झिरोधाने ऑर्डरमागे जास्तीत जास्त 20 रुपये ठेवले. सौदा लाखाचा असो वा कोटीचा, दलालाचं काम जवळपास तेवढंच! 2015च्या अखेरीस डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर जवळ ठेवण्यासाठी केलेल्या खरेदीवरची दलाली तर शून्यच केली. रोज उलाढाल करणाऱ्यांच्या शुल्कावर गाडा चालत होता, म्हणून ते परवडलं. तशी दुसरी मिळकत हाताशी नसेल, तर फुकटच्या मोहात पडू नका. पहिल्या ग्राहकांकडेही, थोडे का होईना, पैसे मागून बघा.