गीझरची गळकी झडप

गेल्या पौषांत भोकरदन येथील आमच्या न्हाणीघरांत गीझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हांतून टपटप पाणी पडूं लागलें. नळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनीं तत्काळ उपाय सुचविला, "तोंडाला बूच मारूं, म्हणजे झालें!" सुदैवानें वडिलांनीं त्यांस तेथेंच थांबविलें. हा सोपा उपाय जिवावर बेतणारा आहे.

आजीच्या तांब्याच्या बंबास अशी झडप नव्हती; कारण त्याचें झांकण सैल असे व वाफेस वाट मोकळी असे. गीझर मात्र सर्व बाजूंनीं बंद. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलें, कीं सुमारें पावणेचारशें मिलिलिटर वाढतें. आंत शिरलेलें पाणी मागें फिरूं नये अशी योजना असल्यास ह्या वाढीस झडपेवांचून वाट नाहीं. डेनिस पापिन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ सालीं बंद भांड्यांत अन्न शिजविण्याची युक्ति काढली व पुढें तिला दाब सोडणारी झडप जोडली. आपल्या कुकरच्या शिटीचा मूळपुरुष तोच.

म्हणून गळती केव्हां होते, हें प्रथम पाहावें. पाणी तापतांनाच थेंब पडत असतील, तर झडप आपलें कर्तव्य करीत आहे. पाणी थंड असतांनाही गळती चालूच राहिली, तर झडपेच्या बैठकींत क्षाराचा कण अडकला असावा. बोअरचें जड पाणी तापलें, कीं त्यांतील चुना असा आंत सांचतो. गच्चीवरील टाकीस दोष देण्यांत अर्थ नाहीं. दहा मीटर उंचीचा दाबही चौरस सेंटिमीटरास जेमतेम एक किलोग्रॅम भरतो, आणि झडप त्याच्या कित्येक पट दाबावर उघडते.

विजेचें मुख्य बटण बंद करून पाणी पूर्ण निवूं द्यावें. मग झडपेची दांडी क्षणभर उचलून पाण्याचा झोत जाऊं द्यावा. आमच्या झडपेंतील कण असाच निघून गेला. तरीही गळती न थांबल्यास तितक्याच दाबाची नवी झडप बसवावी. परंतु कढत पाणी किंवा वाफ जोरानें येऊं लागली, तर थर्मोस्टॅट बिघडल्याचें समजून गीझरला हात न लावतां मुख्य बटण बंद करावें व जाणकारास बोलवावें.

झडपेची नळी सदैव मोकळी, उतरती व मोरीकडे वळविलेली असावी. खालीं ठेवलेली बादली भरली, तर ती खुशाल ओतून द्यावी. बूच मात्र मारूं नये.