दोर कुणाच्या हातात?

माझ्याकडे 1964 सालची फियाट 1100 आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही: रविवार कार्बोरेटरपाशी जातो, पॉइंट घासायची पट्टी देव्हाऱ्यातल्या पळीइतकी जपली जाते आणि घोड्यांवर चढवलेली गाडी पाहून पाहुणे विचारतात, ‘विकायची आहे का?’

मध्यंतरी दोन पावसाळे गाडी जागची हलली नाही. वर चांगलं आच्छादन होतं, बॅटरीची टोकं सोडवून ठेवली होती, टाकीतलं पेट्रोल काढलं होतं. तरी सुरू करायला गेलो तेव्हा ब्रेकचे सिलिंडर आखडले होते आणि चाकं जाम होती. उभ्या गाडीला जो आजार होतो तो धावत्या गाडीला होत नाही. रबर वाळतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आतून गंज धरतो. त्या वर्षीच्या मेळाव्याला मी फियाट ट्रेलरवर चढवून नेली. मैदानात उतरवली, लोकांनी फोटो काढले, संध्याकाळी पुन्हा ट्रेलरवर चढवली. घरी येताना मागच्या आरशात माझीच गाडी माझ्यामागून येत होती, स्वतःच्या चाकांवर न चालता. ते दृश्य मनातून गेलं नाही.

आमच्या छंदातला जुना वाद हाच. गाडी जपायची म्हणजे झाकून ठेवायची की चालवायची? कायद्यानेही आता मधला रस्ता धरला आहे. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूप राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. नवी नोंदणी 20,000 रुपयांत 10 वर्षांसाठी, पुढचं नूतनीकरण 5,000 रुपयांत. ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. कोल्हापूरकर हे आधीपासून जाणतात. तिथल्या छत्रपतींची 1930 च्या दशकातली मेबॅक दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी बाहेर निघते. तो एक दिवस तिच्या बाकीच्या वर्षाला अर्थ देतो.

असा विचार करत असताना मी तंजावरला पोहोचलो, आणि पोहोचलो तो एका शब्दावरून. मद्रास इलाख्याच्या जुन्या इंग्रजी कागदांत ‘कार’ हा शब्द सारखा भेटतो: कार उत्सव, कार स्ट्रीट, कार ओढणारे. ही कार म्हणजे देवाचा रथ, तमिळमध्ये तेर. बेंझने 1886 मध्ये आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, त्याच्या कितीतरी आधी कावेरीच्या खोऱ्यात गावोगाव ‘कार’ होती. तिला स्वतःची शेड होती, तिचे कारागीर होते आणि वर्षातून एकदा ती रस्त्यावर यायची.

तंजावरच्या भोसल्यांकडे मात्र मोटार कधी आलीच नाही. बडोदा, इंदूर, कोल्हापूर, ग्वाल्हेरच्या मराठी राजवाड्यांत मोटारी शिरल्या, त्याच्या कितीतरी आधी, 1855 मध्ये, तंजावरचे राजे दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात ईस्ट इंडिया कंपनीने ते संस्थान संपवलं. राज्य गेलं, पण देवळं राहिली. आजही तंजावर राजवाडा देवस्थानाकडे 88 देवळं आहेत आणि भोसले घराण्यातले ज्येष्ठ वारस त्यांचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत. बृहदीश्वराचं मोठं देऊळ त्यांतलंच. म्हणजे तंजावरच्या मराठी घराण्याच्या देखरेखीत जुन्या घडणीचं एक वाहन आजही आहे. त्याला इंजिन नाही, एवढंच.

ते मी पाहिलं ते मेलवीदीत, पश्चिमेच्या राजरस्त्यावर. उत्सव नव्हता, रथ उभा होता. मला सवयीने आधी चाकं दिसतात. खाली वाकून आस पाहिला, चाकाच्या तोंडाशी वंगण पाहिलं, लाकडाच्या जोडात बोट घालून पाहिलं. तेराचा खालचा भाग कायमचा असतो: थरांवर थर चढवलेलं लाकूड आणि त्यावर कोरलेले देव, हत्ती, यक्ष. वरचा डोलारा बांबू आणि कापडाचा. तो उत्सवापुरता बांधतात आणि उतरवतात. लाकूड शक्यतो इलुप्पै, म्हणजे आपल्या मोहाचा दक्षिणेकडचा भाऊ.

या वाहनाला स्टिअरिंग नाही. पुढचा आस वळत नाही. शेकडो माणसं वडम धरून, म्हणजे मनगटाहून जाड दोर धरून, ओढतात. रथाला वळण द्यायचं, वेग कमी करायचा आणि थांबवायचं ते चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवून. त्या ठोकळ्याला मुट्टुक्कट्टै म्हणतात. फिरत्या चाकापुढे हात घालून तो नेमक्या क्षणी सारायचा आणि हात काढून घ्यायचा, हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक माणसांकडे असतं. बोलीभाषेत मुट्टुक्कट्टै म्हणजे अडथळा. कुणी कामात खोडा घालत असेल तर त्याला हाच शब्द लावतात. रथापुरतं पाहिलं तर हे त्या ठोकळ्यावर अन्याय करणारं आहे. गर्दीच्या रस्त्यावर माणसांचे जीव त्यानेच राखले.

तंजावरजवळच्या तिरुवारूरचा आळी तेर या कुळातला सर्वांत मोठा. सजवल्यावर 96 फूट उंच आणि वजनाला 300 टनांच्या घरात. 1926 मध्ये तो जळाला. नवा बांधून 1930 मध्ये धावला. 1948 नंतर थांबला तो 1970 मध्ये पुन्हा निघाला. पुढे तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने त्याला पोलादी आस आणि हायड्रॉलिक ब्रेक दिले. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्याने देवाच्या रथाला ब्रेक बसवावेत, याहून चांगली रिस्टोरेशनची गोष्ट मला माहीत नाही. मूळ रूपाचा हट्ट धरणाऱ्या आमच्यातल्या काहींना हे रुचणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: ब्रेकमध्ये जुनेपणा मिरवू नये.

तंजावरच्या मोठ्या देवळाचा रथ मात्र सुमारे 100 वर्षं निघालाच नव्हता. 29 एप्रिल 2015 ला चित्तिरै महिन्याच्या उत्सवात नवा रथ राजरस्त्यांवरून फिरला. इथून माझा शोध वाकड्या वाटेला लागला. 100 वर्षं का थांबला यापेक्षा मला दुसराच प्रश्न पडला: तो चालत होता तेव्हा त्याला ओढत कोण होतं?

दुसरे सरफोजी 1798 ते 1832 तंजावरच्या गादीवर होते. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढवला, धन्वंतरी महाल उभारला आणि 1803 मध्ये मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. त्यांच्या दरबाराचे मोडी कागद आजही तंजावरात आहेत. रथोत्सवासाठी गावोगावहून माणसं बोलावल्याच्या नोंदी त्यांत आहेत. 1799 च्या तहानंतर मुलूख कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व भोवतालचा थोडा भाग उरला. मुलूख गेला तशी ही जबाबदारीही कंपनीकडे गेली. इलाख्यातली देवळं, त्यांच्या जमिनी आणि उत्सव यांची व्यवस्था महसूल खातं पाहू लागलं. रथ ओढायला माणसं कमी पडली की सरकारी हुकमाने गावांतून रयत हाकली जायची.

याला तमिळमध्ये जुना शब्द आहे, वेट्टि. चोळांच्या शिलालेखांतही तो येतो. अर्थ: बिनमोबदल्याचं सक्तीचं काम. आपल्याकडे तीच वेठ. ‘वेठीला धरणे’ म्हणताना आपण जे म्हणतो, ते इथे शब्दशः घडत होतं. दोर हातात दिला जायचा, पण हात स्वखुशीने पुढे आलेला नसायचा.

यावरून जो वाद पेटला तो मद्रासच्या गव्हर्नरापासून लंडनपर्यंत गेला. 20 फेब्रुवारी 1833 च्या खलित्यात कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानातल्या सरकारांना कळवलं की देवळांच्या कारभारातून अंग काढून घ्या. इलाख्याने टाळाटाळ केली. 1836 मध्ये मद्रासमधल्या पाद्री, मुलकी आणि लष्करी मंडळींनी तक्रारअर्ज केला. बिशप डॅनियल कॉरी यांनी तो सरकारकडे धाडला आणि उलट त्यांनाच समज मिळाली. मद्रासच्या फौजेचे सरसेनापती सर पेरेग्रिन मेटलंड यांना देवांच्या उत्सवात फौजेने मानवंदना देणं मान्य नव्हतं. 1838 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षांत सरकार पायरीपायरीने बाजूला झालं आणि 1863 च्या कायद्याने देवस्थानं विश्वस्तांच्या हाती आली.

हा वाद वाचताना एक गोष्ट खुपत राहते. मिशनरींना मूर्तिपूजेतून ख्रिस्ती सरकारचे हात सोडवायचे होते. सरकारला महसूल आणि शांतता हवी होती. देवस्थानांना रथ हवा होता. उन्हात दोर ओढणारा कष्टकरी या कागदांत पुरावा म्हणून येतो, माणूस म्हणून नाही. त्याचं नाव कुठे नाही. तरीही सक्ती उठली ती या भांडणामुळे, याचं श्रेय मी मेटलंड यांच्यासारख्यांना देतो.

पुढचं वळण मला अपेक्षित नव्हतं. शिवगंगा जिल्ह्यात कंडदेवी नावाचं गाव आहे. तिथल्या स्वर्णमूर्तीश्वराच्या रथावरून 1998 पासून वाद चालला. दलितांनी आपल्यालाही दोर धरू द्या म्हणून हक्क मागितला, वरचढ जातीतल्या नाट्टार मंडळींनी विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. रथ वर्षानुवर्षं जागेवर उभा राहिला. जून 2024 मध्ये तो बंदोबस्तात पुन्हा धावला. 1830 च्या दशकात दोर धरायला लावला म्हणून भांडण होतं आणि 1990 च्या दशकात दोर धरू देत नाहीत म्हणून. दोर तोच होता, माणसंही बहुधा त्याच कष्टकऱ्यांची पणतवंडं. वेठीचा दोर आणि हक्काचा दोर यांत फरक फक्त राजीखुशीचा, आणि तो फरक फार मोठा आहे.

दोराची ही ओढ महाराष्ट्राला परकी नाही. परशुरामभाऊ पटवर्धनांनी तासगावात गणपतीचं देऊळ बांधलं, त्याला दाक्षिणात्य वळणाचं गोपुर दिलं. ऋषिपंचमीला तिथे हजारो माणसं दोराने रथ ओढतात. त्या दिवशी तिथे कुणाला हाकलून आणावं लागत नाही.

छंदाची जोखीम रथ ओढण्यातही आहे आणि ती लपवू नये. 27 एप्रिल 2022 च्या पहाटे तंजावरजवळच्या कळिमेडू गावात शैव संत अप्परच्या उत्सवाचा रथ उच्चदाबाच्या तारेला लागला आणि 11 माणसं गेली. रथाची उंची, रस्ता आणि वरची तार यांचा मेळ घालणं हे देखभालीचंच काम आहे. जुनं वाहन बाहेर काढणाऱ्याने रस्ता आधी पायी चालून पाहिला पाहिजे.

तंजावरहून परतल्यावर मी फियाटचे चारही ब्रेक सिलिंडर बदलले आणि एक नियम केला. महिन्यातून एकदा गाडी निदान दहा किलोमीटर स्वतःच्या चाकांवर चालवायची, आणि दर वेळी शेजारी शिकणारं कुणीतरी बसवायचं. आमच्या आळीतल्या दोन मुलांना आता प्लग साफ करता येतो, चोक किती ओढायचा ते कळतं. वाहन लाकडावर किंवा पत्र्यावर टिकत नाही. ते हौसेने पुढे येणाऱ्या हातांवर टिकतं. सक्तीचे हात गेले तेव्हा रथ एकाएकी जड झाले असणार. हौसेचे हात जमले तेव्हा तंजावरचा रथ शतकानंतर हलला.

तुमच्या घरी आच्छादनाखाली एखादी लॅम्ब्रेटा, जीप किंवा फियाट उभी असेल तर या दिवाळीत ती बाहेर काढा. आधी ब्रेक तपासा, मग किल्ली एखाद्या पोरासोराच्या हातात द्या. आणि एप्रिलच्या अखेरीला तंजावरला जाणं झालं, तर मोठ्या देवळाची चित्तिरै रथयात्रा कोणत्या दिवशी आहे ते विचारून घ्या. दोर लांब असतो, त्यावर आणखी दोन हातांना जागा असते.