उसावरील खवले कीड: कवचाखालची कीड ओळखा, बेण्यातच रोखा

पाचट काढताना उसाच्या कांड्यांवर राखाडी-काळपट, गोल, चिकटलेले ठिपके दिसले, तर ते डाग समजून सोडून देऊ नका. ती खवले कीड असू शकते. ही कीड एकदा कांडीवर बसली की फवारणीला सहजासहजी दाद देत नाही. त्यामागचे कारण तिच्या जीवनक्रमात आहे.

वर्गीकरण

या किडीचे शास्त्रीय नाव मेलानास्पिस ग्लोमेराटा. मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण यांच्याप्रमाणेच ती हेमिप्टेरा गणात मोडते. तिचे कुळ डायस्पिडिडी, म्हणजे कवचधारी खवले किडींचे. डाळिंब, आंबा, नारळ आणि सफरचंदावरील अनेक खवले किडी याच कुळातील आहेत.

या कुळाच्या दोन खुणा लक्षात ठेवा.

• कवच शरीराला जोडलेले नसते. मेण आणि कात टाकलेली जुनी त्वचा यांपासून ते तयार होते. सुईच्या टोकाने उचलल्यास कवच वेगळे निघते आणि खाली पिवळसर, मऊ कीड दिसते. खाली ओलसर पिवळे शरीर असेल तर कीड जिवंत आहे; कोरडे असेल तर मेलेली.
• ही कीड चिकट गोड स्राव सोडत नाही. पिठ्या ढेकूण असलेल्या उसावर हा स्राव, काळी बुरशी आणि मुंग्या दिसतात. खवले किडीत यांपैकी काहीच दिसत नाही. त्यामुळे मुंग्या नाहीत म्हणून ऊस स्वच्छ आहे, असे समजू नका.

जीवनक्रम

मादीची अंडी तिच्या शरीरातच उबतात आणि थेट पिल्ले बाहेर येतात. या पिल्लांना पाय असतात. ती थोडा काळ फिरतात, कोवळ्या कांडीवर पाचटाच्या आड जागा शोधतात, सोंड खुपसतात आणि अंगावर कवच तयार करू लागतात. पहिली कात टाकल्यावर पाय नाहीसे होतात. त्यानंतर मादी मरेपर्यंत त्याच जागी राहते. नराचे कवच लांबट असते. पूर्ण वाढ झालेला नर पंख असलेला, नाजूक आणि अल्पायुषी असतो. तो काही खात नाही.

म्हणजे मादीच्या आयुष्यात फिरता काळ एकच, तोही थोडा. पिल्ले वाऱ्याने किंवा माणसांच्या वावराने जवळच्या उसावर जातात. पण लांबच्या गावात कीड पोहोचते ती मुख्यतः बेण्यासोबत.

नुकसान

कीड कांडीतील रस शोषते. शेंडा पिवळा पडतो, कांडी आक्रसते, प्रादुर्भाव जास्त असल्यास ऊस वाळतो. असा ऊस उभा चिरल्यास आतून तपकिरी-लालसर दिसतो. वजन आणि साखर दोन्ही घटतात. डोळ्यांवर कीड असलेली टिपरी लावल्यास उगवण कमी होते.

व्यवस्थापन

१. बेणे तपासून घ्या. बेणेमळ्यातील काही उसांचे पाचट काढून खालची कांडी पाहा. कीड दिसली तर तो प्लॉट बेण्यासाठी घेऊ नका, मग बेणे स्वस्त असो वा जवळचे.
२. बेणेप्रक्रिया करा. कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीतील कीटकनाशकाच्या द्रावणात टिपरी १० ते १५ मिनिटे बुडवावी. हातमोजे वापरावेत.
३. साधारण पाचव्या आणि सातव्या महिन्यात वाळलेले पाचट काढा. पिल्लांचा आडोसा जातो आणि मित्रकीटकांना कीड सापडते. कीडग्रस्त पाचट दुसऱ्या शेतात नेऊ नका.
४. जास्त प्रादुर्भाव असलेल्या प्लॉटचा खोडवा ठेवू नका. तोडणीनंतर उरलेले ऊस आणि अवशेष नष्ट करा.
५. काळे चकचकीत ढालकिडे (चिलोकोरस निग्रिटस) खवले कीड खातात. ते दिसत असतील तर सरसकट फवारणी टाळा.

उभ्या उसात फवारणी करताना औषध पाचटावरच अडते आणि स्पर्शजन्य औषध कवचाखाली पोहोचत नाही. म्हणून फवारणीची वेळ येऊ देण्याआधी, लागवडीच्या दिवशी बेणे तपासण्यात घालवलेला तास जास्त उपयोगाचा ठरतो. बेणे गाडीत भरण्यापूर्वी, मळ्यात उभे राहूनच ही तपासणी करा.