‘सर्व्हर डाऊन’ असताना काळ्या पडद्यावर काय चालते?

सकाळचे साडेनऊ. ओपीडीच्या केसपेपर खिडकीपासून निघालेली रांग जिन्यापर्यंत पोचलेली असते आणि आतून आवाज येतो, “सर्व्हर डाऊन आहे, थांबा.” रांगेतल्या आजी शेजारणीला विचारतात, “कोण आजारी आहे म्हणाला गं तो?” शेजारीण सांगते, “मशीन.”

आजींचा प्रश्न तसा चुकीचा नाही. सर्व्हर बंद पडतो तेव्हा खोळंबा फक्त रांगेचा होत नाही. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांसमोर रुग्ण बसलेला असतो, पण त्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे ही नोंद दिसत नाही. काल क्रिएटिनिन किती होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरच्या बाईंचा आयएनआर कुठे गेला आहे, हे कळत नाही. रुग्णाला विचारावे तर तो म्हणतो, “मागच्या वेळी कॉम्प्युटरमध्ये घातलंय की तुम्ही.” अशा वेळी एका बंद खोलीत कोणी तंत्रज्ञ काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काही ओळी टंकत असतो. तो नेमके काय करतो, हे रुग्णालयात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते.

खिडकीवरचा संगणक म्हणजे नुसती खिडकीच. माहिती असते ती मागच्या डेटाबेसमध्ये. ती आपली रेकॉर्ड रूम. आणि या दोघांच्या मध्ये धावपळ करणारा असतो तो ॲप्लिकेशन सर्व्हर. खिडकीवरून मागणी आली की ती तपासायची, रेकॉर्ड रूममधून कागद आणायचा, नीट लावून समोर ठेवायचा. शंभर खिडक्यांतून एकदम मागण्या आल्या तरी हे करायचे. जगभरातल्या अनेक रुग्णालयांत हे काम ‘टॉमकॅट’ नावाचा मोफत सर्व्हर करतो.

तो बसतो का? कारणे फार गूढ नसतात. कधी त्याला वाटून दिलेली मेमरी संपते. कधी डेटाबेसशी असलेल्या ठरावीक जोडण्या संपतात. रेकॉर्ड रूममध्ये जाण्याचे वीसच बिल्ले असावेत आणि कोणीतरी ते घेऊन परतच करू नयेत, तसे. आणि कधी कारण इतके साधे असते की हसू यावे. सर्व्हर आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद एका फाइलमध्ये लिहीत असतो, तिला लॉग म्हणतात. महिनोन्‌महिने ती कोणी साफ केली नाही तर फुगत जाते, डिस्क भरते आणि डेटाबेसला नवी नोंद लिहायला जागाच उरत नाही.

हे शोधायला माऊस फारसा उपयोगी नसतो. सर्व्हरला बहुतेक वेळा पडदाच जोडलेला नसतो, तंत्रज्ञही दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावात असतो. शब्दांच्या आज्ञा मात्र कितीही कमकुवत इंटरनेटवरून जातात. त्या सुरक्षितपणे पाठवण्याची ‘एसएसएच’ ही पद्धत १९९५ मध्ये फिनलंडमधल्या तातू यलोनेन यांनी तयार केली. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरले होते, त्यातून ती जन्मली.

या आज्ञांचे महत्त्व पाहायचे तर छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या गनियारीकडे पाहावे. एम्समधून शिकलेल्या डॉक्टरांच्या गटाने तिथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ हे ग्रामीण रुग्णालय उभे केले. ‘बाह्मनी’ ही मोफत रुग्णालय प्रणाली प्रथम या रुग्णालयासाठी घडली. तिचा पाया ‘ओपनएमआरएस’ हा. ही प्रणाली २००६ मध्ये केनियातल्या एल्डोरेट इथे, एचआयव्हीच्या रुग्णांच्या नोंदी ठेवण्यासाठी वापरात आली होती. बाह्मनीत तिला प्रयोगशाळेचा आणि बिलांचा असे आणखी दोन प्रोग्राम जोडले. म्हणजे एका रुग्णालयामागे तीन-चार वेगवेगळे सर्व्हर. ते योग्य रीतीने उठवायचे-बसवायचे तर संगणक अभियंताच हवा. तो खेड्यात कुठून आणायचा? म्हणून ‘बाह्मनी’ याच नावाची एक आज्ञा बनवली गेली. तिच्यापुढे ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’ किंवा ‘बॅकअप’ लिहिले की मागचे सगळे ती सांभाळते. नव्या आवृत्तीत क्रमांकांची यादी येते, त्यातला आकडा दाबायचा. त्याच यादीत सगळा साठा पुसून टाकणारा पर्यायही असतो, हे विसरून चालत नाही.

इथे एक सवय डॉक्टरांना लगेच ओळखीची वाटेल. सर्व्हर बसला की पहिली हाक येते ती “रीस्टार्ट कर” अशी. बाहेर रांग ओरडत असते, अधीक्षकांचा फोन वाजत असतो. रीस्टार्ट केला की दहापैकी आठ वेळा गाडी सुरू होतेही. पण मेमरीत काय अडकले होते, कोणती जोडणी कोणी धरून ठेवली होती, याचा पुरावा त्या क्षणी पुसला जातो. रक्ताचे कल्चर न घेता प्रतिजैविक सुरू करण्यासारखेच हे. ताप उतरतो, पण जंतू कोणता होता ते कळत नाही. आणि चौथ्या दिवशी ताप परत येतो. जाणता तंत्रज्ञ आधी तीन-चार आज्ञा देतो: सर्व्हर जिवंत आहे का, डिस्कवर जागा किती, मेमरी किती, लॉगच्या शेवटच्या ओळी काय सांगतात. गरज वाटली तर मेमरीची प्रत काढून ठेवतो आणि मगच रीस्टार्ट करतो. याला दोन-चार मिनिटे जास्त लागतात. ती त्याला मिळू देणे हे खरे तर अधीक्षकांचे काम आहे.

काळ्या पडद्याचा खरा धोका वेगळाच. तो आज्ञा पाळतो, बहुतेक वेळा “नक्की ना?” असे विचारत नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री ‘गिटलॅब’ या कंपनीत एका दमलेल्या अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरचा एक फोल्डर पुसायचा होता. आज्ञा दिली गेली ती मुख्य सर्व्हरवर. चूक लक्षात येऊन त्याने एक-दोन सेकंदांत ती थांबवली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. पुढची गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप होतच नव्हता, आणि तो होत नाही हे कळवणारे ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी कोणी योगायोगाने काढलेल्या प्रतीवर निभावले. कंपनीने हे सगळे स्वतःहून जाहीर केले, हे तिच्या श्रेयाचे.

शस्त्रक्रियागृहात यालाच चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया म्हणतात: डावा गुडघा सोडून उजवा उघडणे. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची तपासणी-यादी दिली. चिरा घेण्यापूर्वी क्षणभर थांबून रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, जागा कुठली, हे मोठ्याने म्हणायचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. सर्व्हरचे नाव मोठ्या अक्षरांत, मुख्य सर्व्हरचा पडदा लाल रंगात, आणि पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी शेजारच्याला वाचून दाखवणे, ही त्याच जातीची काळजी. फुकटची आहे, तरी फार थोड्या ठिकाणी घेतली जाते.

आणि एवढे करूनही सर्व्हर बसणारच. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला सायबर हल्ला झाला, तेव्हा नोंदणी, बिले, अहवाल हे सारे सुमारे दोन आठवडे कागदावर चालवावे लागले. तिथे कोणतीही आज्ञा कामाची नव्हती. कामाला आले ते पेन, रजिस्टर आणि धावणारे कर्मचारी.

म्हणून खिडकीच्या खणात आधीच क्रमांक छापलेले कोरे केसपेपर हवेत, वॉर्डात औषधांचा कागदी तक्ता हवा आणि रोज सकाळी ॲलर्जी असलेल्या भरती रुग्णांची छापील यादी परिचारिकांच्या टेबलावर हवी. सर्व्हर परत आल्यावर या नोंदी संगणकात भरताना वेळ लिहायची ती औषध दिल्याची, नोंद भरल्याची नव्हे. दुपारी बाराचे इन्सुलिन संध्याकाळी सहाला भरले आणि वेळ सहाची पडली, तर रात्रपाळीच्या डॉक्टरांना ते आत्ताच दिलेले दिसेल.