अर्धशिशीच्या दोन गोळ्यांमधले चोवीस तास

लग्नसराईत गुलमंडीवरील कापडाच्या पेढ्यांवर जेवणाची वेळ कधी टळली, हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. दिव्यांचा झगमगाट, सुपारी हनुमानाच्या चौकातील हॉर्न आणि रिकामे पोट एवढे अर्धशिशी उठायला पुरेसे असते. गल्ल्यात गोळ्यांची पट्टी असतेच. तिने उतार पडला नाही, की दुसऱ्या नावाची गोळी मागवली जाते. खरा प्रश्न या दुसऱ्या गोळीचा आहे.

अर्धशिशीच्या काही जुन्या गोळ्यांत अर्गोटामाइन असते. अर्गट हा शब्द बाजरी पिकवणाऱ्या मराठवाड्याला परका नाही. कणसावरील या बुरशीच्या गाठी वेगळ्या काढण्यासाठी शेतकरी बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवतात. औषधातील अर्गट राय या धान्यावरचा, बाजरीवरच्याचा भाऊबंदच. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या आर्थर स्टोल यांनी त्यातून अर्गोटामाइन वेगळे केले. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. नंतर आलेली सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही औषधेही तेच करतात. म्हणून हे दोन गट परस्परांपासून २४ तासांच्या आत घेऊ नयेत. हृदयविकार असणाऱ्यांना तर दोन्ही वर्ज्य. छातीत दाब वाटला किंवा बोटे गार व बधिर पडली, तर वेळ न दवडता घाटी गाठावी. घशाच्या संसर्गासाठी दिलेले क्लॅरिथ्रोमायसिनही अर्गोटामाइनला शरीरात साचवते.

सगळीच जोडी घातक असते असे मात्र नव्हे. सुमाट्रिप्टानसोबत नॅप्रोक्सेन डॉक्टर जाणूनबुजून देतात. रक्तदाबासाठी प्रोप्रानोलॉल चालू असेल, तर रिझाट्रिप्टानची मात्रा कमी ठेवावी लागते. ते ठरवणे डॉक्टरांचे काम.

चोविहार पाळणारे काहीजण रात्री पाणी चालणार नाही म्हणून सूर्यास्तापूर्वीच दोन गोळ्या उरकतात. हा नियम डॉक्टरांना आधीच सांगितला, तर वेळा त्याप्रमाणे आखता येतात.

व्यापारी घरांत रोजमेळ चुकत नाही, गोळ्यांचाही लिहावा. तारीख, वेळ आणि पट्टीमागे छापलेले घटक, एवढे पुरे. सॅरिडॉन साधी वाटते, पण तिच्यात पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन व कॅफीन अशी तीन द्रव्ये आहेत. अशा मिश्र गोळ्या, अर्गोटामाइन वा ट्रिप्टान महिन्यात १० किंवा अधिक दिवस आणि साधे पॅरासिटामॉल १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर औषधानेच डोके दुखू लागते. नोंदी दहाव्या दिवसाला टेकल्या, की वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.